आमच्या वरच्या खोलीतल्या गार्डबाई

गार्डबाई एकट्या चालताना मोठ्याने बोलत. कुणाशी नाही, नुसत्याच. फाट्यावर बसमधून उतरलं की आमच्या घरापर्यंतची वाट उसाच्या कडेने येते. त्या वाटेला लागल्या की त्यांचा आवाज सुरू होई. "भेंडी आणली, ती निघाली जून. शेंडा मोडून बघावा, तर आमाला घाई." कधी ऑफिसात साहेबांपुढे जे बोलता आलं नव्हतं ते सगळं उसाला ऐकवत. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायची. आवाजावरून कळायचं, आता विहिरीपाशी आल्या, आता बांध ओलांडला. गावातल्या पोरांनी सुरुवातीला त्यांना वेडीच ठरवलं होतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याला कळू द्यावं ताई, आपण येऊ लागलोत मनून. नकळत समोरासमोर झालं की त्याचीबी पंचाईत अन् आपलीबी."

तो म्हणजे बिबट्या. आमच्या भागात त्याचं नाव घ्यावं लागत नाही.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमचं गाव आहे. रस्त्याच्या एका हाताला शेड आणि उभे कंटेनर, दुसऱ्या हाताला उरलासुरला ऊस. गावातली निम्मी माणसं सकाळी शिफ्टला जातात आणि आल्यावर शेताला पाणी देतात. आमच्या घरामागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिच्यात कंपनीत कामाला आलेली बाहेरगावची कुटुंबं राहतात. वरची एक खोली रिकामी होती, ती आम्ही वनखात्यात नव्याने बदलून आलेल्या या बाईंना दिली. कागदोपत्री त्या वनरक्षक, गावाने त्यांना गार्डबाई केलं. चाळिशीकडे झुकलेल्या, लातूरकडच्या, एकट्या. एकट्या का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या सासूबाईंना पहिल्या दिवशी फार नवल वाटलं होतं. "बाईमाणूस आन् वाघ धरनार?" त्यांनी तोंडावरच विचारलं.

गार्डबाई हसल्या. "वाघ कुठं धरते आजी. मी माणसं धरून ठेवते."

ते खरंच होतं. त्यांचा फोन सारखा वाजायचा. कुणाच्या गोठ्यात वासरू गेलं, कुणाला बांधावर पाऊल दिसलं, कुणाच्या मोबाइलवर कुठल्या तरी दुसऱ्याच गावाचा व्हिडिओ आला. मोशीकडच्या एका मोठ्या सोसायटीतून एका बाईंनी फोन करून विचारलं होतं, की मॅडम, तो लिफ्टने वर येईल का. हे ऐकून मी हसले, गार्डबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या बाईंना समजावून सांगितलं होतं की लिफ्टने येत नाही, पण अंधार पडल्यावर कुत्र्याला घेऊन कंपाउंडच्या कडेने फिरू नका. कधी धावत जावं तर मांजर निघे, कधी नुसतं पोतं. तरी त्या जात. "दिसलेलं खोटं असतं कधी कधी," त्या म्हणत. "भीती खोटी नसते."

गावोगाव त्या सभा घेत. देवळाच्या सभामंडपात, शाळेत, कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी. बोलणं साधं, पण एक वाक्य ठरलेलं असायचं. ते त्या जरा थांबून, एकेकाकडे बघत म्हणायच्या, "तो माणसाच्या वाटेला जात नाही. आपण त्याच्या वाटेत यायचं नाही." हे वाक्य आमच्या गावात एवढं रुजलं की बायका भांडणातसुद्धा वापरू लागल्या. माझी बहीण पिंपळे सौदागरला राहते. तिची मुलं दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे यायची, पण एका वर्षी तिने चक्क नको म्हटलं. मी फोन गार्डबाईंच्या हातात दिला. त्यांनी तेच वाक्य तिला सांगितलं, आणि संध्याकाळनंतर पोरांना अंगणात सोडू नका, हेही सांगितलं. बहिणीने मुलं पाठवली. ती दिवाळी चांगली गेली.

आमच्या घरात त्या हळूहळू मिसळल्या. संध्याकाळी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसत, बूट काढत आणि पाय चोळत. मागच्या खोल्यांत सविता नावाची एक मुलगी राहायची. तिचा नवरा प्रेस शॉपमध्ये कंत्राटी होता. ती निघाली गार्डबाईंच्याच बाजूची. मग काय, दोघींचं गुळपीठ जमलं. सविताच्या घरी ज्वारीचं पीठ गावाकडून यायचं, त्यातलं ती वर नेऊन द्यायची. तिची चार वर्षांची आरोही गार्डबाईंची शिट्टी गळ्यात घालून अंगणभर हिंडायची आणि सगळ्यांना "लाइनीत उभे राहा" म्हणून सांगायची.

एका हिवाळ्यात ऊसतोड चालू असताना बांधाजवळच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेली, मांजरीच्या पिल्लांएवढी. तोडकरी कोयते टाकून पळाले, बघे जमले. गार्डबाईंनी आधी माणसं लांब केली, आणि मग पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवायला लावली. आई येईल आणि घेऊन जाईल, फक्त कुणी तिथे फिरकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. गावाला पटत नव्हतं. जवळच्या फडाचे मालक आप्पा म्हणाले, "बाई, आज पिल्लू हाय, उद्या वाघ व्हईल. मग आमी काय करायचं?" त्या त्यांना समजावत राहिल्या, की पिल्लं नेली तर आई चवताळते, गावाभोवती घिरट्या घालते, तेच जास्त वाईट. शेवटी आप्पा बांधावरून मागे सरले. अंधार पडता पडता मादी आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. खात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात ते आलं. दुसऱ्या दिवशी गार्डबाईंनी शिरा केला आणि घरोघर वाटला. सासूबाई बशी हातात घेऊन म्हणाल्या, "वाघिनीच्या बाळंतपनाचा शिरा म्या पयल्यांदाच खाती." गार्डबाईंना इतकं मोकळं हसताना मी तेव्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुवार होता. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी लाइट जाते, ती संध्याकाळ झाली तरी आली नव्हती. सविता मागच्या नळावर भांडी घासत होती आणि आरोही तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, मातीत खेळत होती. सविता तिच्याशी बोलतही होती. शेवटचं पातेलं विसळून ती मागे वळली तर पोर नव्हती. शेजारी गेली असेल म्हणून तिने हाक मारली. मग दुसऱ्या खोलीत पाहिलं, मग तिसऱ्या. तिसऱ्या खोलीतून तिचा जो आवाज आला, तो ऐकून मी चूल सोडून धावले.

गार्डबाई नुकत्याच ड्यूटीवरून येऊन कपडे बदलत होत्या. त्या जिन्यावरून अनवाणीच खाली आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. पुरुषांना बॅटऱ्या घेऊन रांगेत उभं केलं, बायकांना थाळ्या वाजवायला सांगितल्या आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे उसात शिरल्या. फार लांब जावं लागलं नाही. माझ्या नवऱ्याने मला नंतर एवढंच सांगितलं, की त्यांनी दुसऱ्या कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. खाली बसल्या, ओढणी काढून पोरीला गुंडाळलं आणि उचललं. बाहेर येताना दोघातिघांनी हात पुढे केले. त्यांनी दिली नाही. अंगणापर्यंत स्वतः आणली आणि सविताच्या मांडीवर ठेवली.

सकाळ झाली तसा गाव रस्त्यावर उतरला. कंपन्यांच्या बसगाड्या फाट्यापर्यंत अडकून पडल्या. गावकऱ्यांनी गार्डबाईंना देवळाच्या सभामंडपात बसवून ठेवलं, वरचे साहेब आल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून. तिथे त्या एका खांबाला टेकून बसल्या होत्या. समोर येऊन माणसं वाटेल ते बोलत होती. आप्पा ओरडले नाहीत. ते त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "त्या पिल्लांना तुमीच जगवलं, बाई. त्यातलंच येक हाय ह्ये." सासूबाई त्या गर्दीतून भाकरी घेऊन गेल्या. माणसांनी त्यांना वाट दिली. भाकरी तशीच परत आली.

दुपारी साहेब आले, बोलणी झाली आणि गार्डबाईंना सोडलं. त्या सरळ घरी आल्या. तोवर पोस्टमॉर्टेम होऊन आरोहीला दवाखान्यातून आणलं होतं आणि सविता आमच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. गार्डबाई तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसल्या. सविताने त्यांच्याकडे पाहिलं. "ताई, तुमीच मनले होते ना. वाटेला जात नाही मनून."

आवाजात राग नव्हता. खरंच आठवण करून देत असल्यासारखं तिने विचारलं होतं. ती ओरडली असती, अंगावर धावून गेली असती, तर आम्हा सगळ्यांना सोपं गेलं असतं.

"हो," गार्डबाई म्हणाल्या. "मीच मनले होते."

त्या रात्री सविता आणि तिचा नवरा पोरीला घेऊन गावाकडे गेले.

मग पिंजरे लागले. काही दिवसांनी त्यातल्या एकात एक बिबट्या सापडला, तरणा नर. पहाटे बातमी फुटली आणि उजाडेपर्यंत फडाभोवती काठ्या, दगड घेतलेली माणसं उभी राहिली. इथेच मारा, आमच्यासमोर मारा, असं म्हणणं होतं. गार्डबाई पिंजऱ्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, समजावलंही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. गाडी येऊन पिंजरा चढवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. दोन-चार दगड लागलेच. कपाळावर खोक पडली, तिच्यावर मी हळद दाबली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"हाच होता का?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना त्यांनी हेच उत्तर दिलं. नमुने तपासायला गेले, त्यातूनही पक्कं काही कळलं नाही. गावाला मात्र नक्की उत्तर हवं होतं. हाच तो, असं कुणीतरी अधिकाराने म्हणावं, म्हणजे झोप लागेल. आमच्या घरातही तेच वाटत होतं. माझी बहीण फोनवर रोज विचारायची. मुलांना तिने त्यानंतर आमच्याकडे पाठवलं नाही आणि मीही आग्रह केला नाही.

महिन्याभराने सविता आणि तिचा नवरा परत आले. नोकरी इथे होती, येणं भागच होतं. आम्ही त्यांना मागची खोली न देता पुढची, आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेली दिली. सविताला तेव्हा दिवस गेलेले होते, हे आम्हाला नंतर कळलं. ती जेवायची नाही, झोपायची नाही. भिंतीपलीकडे रात्रभर कडीचा आवाज यायचा. उठून कडी लागलीय का ते बघायची, परत पडायची, परत उठायची.

एका सकाळी तिचा नवरा गार्डबाईंना जिन्यात भेटला. मी खाली तुळशीला पाणी घालत होते. तो म्हणाला, "ताई, तुमी एकदा तिला सांगा. हाच होता मनून. तुमी सांगितलं तर तिला पटंल. दुसऱ्या कुणाचं पटत नाही."

"मला माहीत नाही, भाऊ."

"नसू द्या माहीत. नुसतं सांगा. तिला झोप लागंना हो."

गार्डबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता सांगतील. मी असते तर सांगितलं असतं. त्या खाली उतरल्या, सविताच्या दारात गेल्या. ती आत तांदूळ निवडत होती. "सविता," त्या म्हणाल्या, "पिंजऱ्यात घावला तो तोच होता का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. बाहेर अजून असतील. कडी लावत जा."

सविताने मान वर केली नाही. तिचा नवरा मात्र संतापला. "दगड आहात तुमी," असं सगळ्यांदेखत बोलला. गार्डबाई कामावर निघून गेल्या.

त्यानंतर त्या फारच बदलल्या. बस फाट्यावर थांबलेली ऐकू यायची, पण वाटेवरून आवाज यायचा नाही. एकदम दारातच उभ्या दिसत. सासूबाई रागावल्या, "आगं, बोलत ये की. दुसऱ्यांना सांगती आन् सोता मुकी येती." गार्डबाई म्हणाल्या, "काय बोलू आजी?" दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला सासूबाई स्वतःच काठी घेऊन बांधापर्यंत जाऊ लागल्या आणि तिथून गार्डबाईंना हाका मारू लागल्या. गुडघे दुखत होते, तरी एक दिवस चुकवला नाही.

सभा घ्याव्या लागत, पण त्यांतलं ते वाक्य गेलं. शाळेतल्या सभेला मी होते. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी आधी काय सांगत होते ते सोडून द्या. दिवेलागणीला लेकरं घरात घ्या. पाठीमागं ठेवू नका, पुढं ठेवा. डोळ्यांपुढं." एवढंच बोलून बसल्या. आणि रोज संध्याकाळी मागच्या खोल्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहत. शेवटचं पोर आत जाऊन दार लागेपर्यंत थांबत. कुणी त्यांना बसा म्हणत नसे. कुणी जा असंही म्हणत नसे. परत येताना सविताच्या दारापाशी घटकाभर थबकून "जेवलीस का?" विचारत. आतून उत्तर येत नसे. वर जाण्याआधी त्या थोडं थांबत, जणू उत्तर वाटेत असेल.

उन्हाळ्यात सविताला मुलगी झाली. तिची आई गावाहून आली होती. बाळ गोरंगोमटं, शांत. पण सविता ते कुणाच्या हाती देत नव्हती. माझ्या नाही, सासूबाईंच्या नाही, स्वतःच्या आईच्यासुद्धा नाही. आंघोळ स्वतः घालायची. स्वयंपाक करताना बाळ छातीशी बांधून घ्यायची. नळावर जायची ती बाळ पुढ्यात घेऊन. तिची आई कंटाळून म्हणाली, "मला बोलावलं तरी कशाला मग?" आणि पंधरवड्यात परत गेली.

त्याच सुमारास गार्डबाईंची बदली झाली. त्यांनी स्वतःच मागून घेतली होती, लातूरकडच्या एका रोपवाटिकेत. "झाडं बरी," मला म्हणाल्या. "पाणी घातलं की झालं. नाही जगली तर आपल्याला काही विचारत नाहीत." आप्पांनी फड मोडायला काढला होता. तिथे कुठल्या तरी कंपनीचं गोदाम व्हायचं होतं. बिबट्या नंतरही दिसतच होता, कधी नदीकडे, कधी गोदामांच्या भिंतीवर.

निघायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. सामान थोडंसं, एका खेपेत भरलं गेलं. सासूबाईंनी हातावर दही घातलं. रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते जमलं नाही. गार्डबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, माझा हात धरला, सोडला आणि निघाल्या. सविताचं दार उघडं होतं. त्या सवयीने थबकल्या, पण या वेळी काही विचारलं नाही.

आतून सविता दारात आली. बाळ छातीशी होतं. मी अंगणात, टेम्पोच्या बाजूला उभी होते.

"ताई," सविता म्हणाली. त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "हिला धरा जरा. दूध ठेवलंय चुलीवर, उतरवून येते."

गार्डबाईंनी हात पुढे केले नाहीत. सविताने बाळ त्यांच्या हातात ठेवलंच, मान नीट केली, पाठ फिरवली आणि आत गेली.

गार्डबाई पायरीवर बसल्या. बाळ मांडीवर आडवं घेतलं, मग सरळ केलं, मग दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला हाताने थांब म्हटलं. गार्डबाईंनी बाळावरची नजर काढली नाही.

सविता आत बराच वेळ राहिली. दूध उतरवायला इतका वेळ लागत नाही.